खिशांतील कचेरी

निरोप त्वरित पोंचावा ही मनुष्याची इच्छा पुरातन आहे. परंतु त्याचें उत्तरहि तत्क्षणींच आलें पाहिजे, ही अपेक्षा मात्र अगदीं अलीकडची होय. जळगांव-धुळ्याकडील सुशिक्षित घरांत एखादा तरी वकील, डॉक्टर किंवा अभियंता असतोच; आणि रात्रीं पानावर बसला असतांहि त्याचा एक डोळा हातांतील मोबाईलकडे असतो. हें कसें घडून आलें, याचा थोडा विचार करूं.

जळगांवच्या कापूसपेठेंत मुंबईचे भाव एके काळीं तारेनें येत. तारेस शब्दागणिक पैसे पडत, म्हणून पाठविणारा दहादां विचार करी. १४ जुलै २०१३ रोजीं आपल्या देशांत अखेरच्या तारा स्वीकारण्यांत आल्या. तोंपर्यंत ई-मेलनें तिची जागा केव्हांच घेतली होती. तथापि आरंभीं ई-मेल टेबलावरील संगणकांतच राही. कचेरीस कुलूप लागलें कीं पत्रव्यवहारहि थांबे.

तें कुलूप उघडलें ब्लॅकबेरीनें. कॅनडांतील रिसर्च इन मोशन या कंपनीनें १९९९ सालीं हें यंत्र काढिलें व २००४ सालीं एअरटेलनें तें भारतांत आणिलें. पत्र आलें कीं काय हें मुद्दाम पाहावें लागत नसे. तें आपण होऊन खिशांत येऊन पडे, आणि बारीक कळा दोन अंगठ्यांनीं दाबून उत्तर देतां येई. अमेरिकेंत त्याच्या व्यसनास 'क्रॅकबेरी' हें टोपणनांव पडलें, आणि २००६ सालीं तेथील एका शब्दकोशानें तोच त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडिला. ४ जानेवारी २०२२ रोजीं त्या जुन्या यंत्रांची सेवा संपली. त्यांनीं लाविलेली सवय मात्र प्रत्येक मोबाईलमध्यें शिल्लक आहे.

लाभ नाकारणें अन्यायाचें होईल. धुळें-जळगांवचीं अपिलें उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढें चालतात. तेथील निकाल आज धुळ्यास बसून वाचतां येतो. वडिलांच्या आजारपणांत जळगांवीं आलेला मुलगा पुण्याचें काम उशाशीं बसून सांभाळतो. परंतु तो देहानें उशाशीं आणि मनानें पुण्यास असेल, तर वडिलांस मुलगा भेटला असें म्हणावें काय?

आमच्या मतें खरें मूळ निराळेंच आहे. तारेचा खर्च पाठविणाऱ्यास पडे. ई-मेलचा खर्च वाचणाऱ्यास पडतो, आणि तो त्याच्या वेळेंतून व घरच्यांच्या वांट्यांतून वसूल होतो. फुकट पाठवितां येतें म्हणून रात्रीं अकरा वाजतां पाठविलें जातें.

यावर उपाय झालेच नाहींत असें नाहीं. जर्मनींत फोक्सवॅगन कंपनीनें २०११ सालीं कामगारांच्या प्रतिनिधींशीं करार करून, पाळी संपल्यावर अर्ध्या तासानें कांहीं नोकरांच्या ब्लॅकबेरीवर ई-मेल पाठविणें बंद केलें. फ्रान्सनें १ जानेवारी २०१७ पासून याविषयीं कायदा अमलांत आणिला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनीं २०१८ च्या डिसेंबरांत लोकसभेंत असें खाजगी विधेयक मांडिलें. पण त्याचा कायदा झाला नाहीं.

कायदा होईल तेव्हां होवो. आपल्या शास्त्रकारांनीं वेदाध्ययनासारख्या पवित्र कर्मासहि अनध्याय सांगितला आहे. मग कचेरीच्या पत्रांस तो कां नसावा? आयुष्यभर घंटेच्या ठोक्यावर चाललेल्या आम्हां शिक्षकांस ठाऊक आहे कीं, सुटीची घंटा न झाल्यास पुढच्या तासास मुलांचें चित्त लागत नाहीं.

म्हणून आमची सूचना साधी आहे. रात्रीच्या जेवणापासून निजेपर्यंत घरांतील सर्व मोबाईल एका फडताळांत ठेवावे. ज्याच्यावर रुग्णांची जबाबदारी आहे, त्यानें घंटी तेवढी चालू ठेवावी. अगदीं निकडीचें असेल तो फोन करील. आणि स्वतः कोणास रात्रीं लिहावें लागलेंच, तर 'उद्यां सवडीनें उत्तर द्यावें' एवढी ओळ अवश्य जोडावी. नियमाचा आरंभ घरांतील कर्त्या पुरुषानेंच करावा. मुलें ऐकतात त्यापेक्षां पाहतात अधिक.