द्राक्षवेलीच्या खोडातील छुपा रोग

आमच्या बहुतेक सभासदांचा द्राक्षाशी संबंध येतो तो बेदाण्याच्या सौद्यात. अथणी, विजयपूर, तासगाव या बाजूंचा माल पुढ्यात आला की रंग, गर आणि ओलावा पाहून भाव ठरतो. परंतु ज्या व्यापाऱ्याने बागायतदारास उचल दिली आहे, त्याचा पैसा खरे पाहता वेलीच्या खोडात गुंतलेला असतो; आणि खोडाच्या आत काय चालले आहे, हे सौद्याच्या ठिकाणी बसून दिसत नाही. म्हणून भावतावाचा विषय क्षणभर बाजूस ठेवून रोपांविषयी थोडे लिहीत आहोत.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, नापा आणि सोनोमा या भागांत, एके काळी ‘एएक्सआर-१’ नावाच्या खुंटावर हजारो एकर बागा उभ्या होत्या. विद्यापीठाच्या तज्ज्ञांनीच त्याची शिफारस केली होती. १९८० नंतरच्या दशकात मुळांवर जगणाऱ्या फायलोक्झेरा किडीपुढे तो खुंट टिकेना, आणि पुढील दशकात त्या बागा उपटून नव्याने लावाव्या लागल्या. रोपांची मागणी एकाएकी वाढली. रोपवाटिकांना काड्या हव्या होत्या, बागायतदारांना घाई होती. अशा वेळी लावलेल्या काही नव्या बागांत वेली पहिल्या दोन-तीन वर्षांतच खुरटू लागल्या. डोळे उशिरा फुटत, पेरी आखूड राहत, पाने लहान पडत, काही वेली सरळ वाळून जात. खोड आडवे कापले असता आत काळ्या ठिपक्यांचे कडे दिसे आणि त्या ठिपक्यांतून डांबरासारखा काळा स्राव पाझरे. एका संकटातून सुटण्यासाठी आणलेली रोपेच दुसरे संकट घेऊन आली होती.

हा रोग मात्र नवा नव्हता. इटलीतील शास्त्रज्ञ लिओनेल्लो पेत्री यांनी १९१२ साली वेलीच्या लाकडातील अशा काळ्या रेषांचे वर्णन केले होते. आज तो ‘पेत्री रोग’ म्हणूनच ओळखला जातो. त्यास कारण होणाऱ्या मुख्य बुरशीचे ‘फेओमोनिएला क्लॅमिडोस्पोरा’ हे आजचे नाव २००० साली रूढ झाले. ज्या मातृवेलीपासून काड्या घेतात, तिच्या छाटणीच्या जखमांतून ही बुरशी आत शिरते. वरून वेल निरोगी दिसते. तिच्या काड्या पाण्याच्या टाकीत भिजत पडतात, तेथे एका काडीची बाधा दुसरीस लागते; पुढे कलमाच्या चाकूवरून आणि नीट न भरलेल्या जोडातून ती पसरते. रोपवाटिकेच्या मातीत आणखी एक शत्रू असतो, तो खुंटाच्या बुडाकडील कापातून चढून मुळे व बूड काळे करतो. वेल आपल्या बचावासाठी डिंक सोडून पाण्याच्या नलिका बंद करते, आणि त्यानेच तिची तहान वाढते. वेलीस पाण्याचा ताण पडला, मुळे दुमडून लावली किंवा कोवळेपणीच भरघोस पीक घेतले की निजलेला रोग जागा होतो.

आपल्याकडे खुंटरोप प्रथम शेतात लावून नंतर जागेवरच पाचर कलम करण्याची पद्धत बरीच रूढ आहे. मोठ्या टाक्यांचा आणि कलमघरांचा धोका तितका टळतो. परंतु काडी कोणत्या वेलीची आणि चाकू कितीदा पुसला, हे दोन प्रश्न उरतातच.

लाकडात शिरलेल्या बुरशीवर उतारा नाही. फ्रान्समध्ये अशाच खोडरोगांवर सोडियम आर्सेनाइट वापरीत. ते विष असल्यामुळे २००१ साली त्यावर बंदी आली. उपाय काय ते लावणीपूर्वीचेच आहेत. सुप्त अवस्थेतील काड्या अथवा रोपे ५० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात ३० मिनिटे बुडवून ठेवतात. त्याने बुरशी समूळ जाते असे नाही, पण पुष्कळ घटते. उष्णता चढली तर डोळे मरतात, उतरली तर बुरशी वाचते. तेव्हा हे काम अंदाजाने करण्याचे नव्हे. छाटणीच्या जखमांवर ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी लावण्याचाही उपयोग होतो. हे ज्ञान बहुतांशी मद्य गाळणाऱ्या देशांतून आले आहे आणि तो धंदा आम्हांस वर्ज्य आहे. पण म्हणून विद्या नाकारण्याचे कारण नाही.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांमध्ये ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे, म्हणजे चांगल्याच्या नावाखाली हलका माल देणे. रोगट रोप नकळत विकणाऱ्यास आम्ही हा दोष लावणार नाही. मात्र मातृवेली तपासण्याचा मार्ग ठाऊक असून जो तपासत नाही, त्याची गोष्ट वेगळी.

रोपे घेणाऱ्याने, किंवा त्यासाठी पैसे देणाऱ्याने, प्रत्येक खेपेतील काही रोपे बुडाशी व जोडाशी आडवी कापून पाहावीत. काळे ठिपके आढळले तर प्रयोगशाळेचा निर्णय येईपर्यंत खेप थांबवावी. ठिपके नसले म्हणजे रोप निर्दोष ठरते असेही नाही. कापलेले रोप पुन्हा जुळत नाही, तेव्हा त्याची किंमत कोणी सोसावयाची हे सौदा ठरतानाच लिहून घ्यावे. आमच्या मते ती विक्रेत्याने सोसावी.