माल कोणाच्या हाती द्यावा?

आमच्या व्यवसायात चोख खरेदीचे कौतुक होते, चढ्या भावाच्या विक्रीचेही होते. माल एकदा पेढीवरून निघाला की आपले काम संपले, असे मात्र आपण सहज मानतो. वास्तविक पोते मालमोटारीत चढते तेव्हापासून ते घेणाऱ्याच्या दारी उतरेपर्यंत आपली अब्रू परक्याच्या हाती असते. तो परका कसा निवडावा, याचा विचार आपण किती करतो? स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी संघाची आज्ञा झाली, तेव्हा मला स्वतःला महाग पडलेला हाच विषय मी निवडला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्याचा घाऊक व्यापारी. कायद्याचा पंडित नव्हे. येथे जे लिहितो ते ठेच लागून उमगलेले आहे.

आपल्या भाषेत वाहतूकदाराला जुना शब्द ‘हुंडेकरी’ असा आहे. वाटेतील जकात, पट्टी, मजुरी इत्यादी सर्व खर्च अंगावर घेऊन, एकठोक रकमेत माल पोहोचविण्याची हमी घेणारा तो हुंडेकरी. घाट चढून-उतरून जाणारी बैलांची रांग गेली, आगगाडी आली, पुढे मालमोटार आली. १८८८ साली मुरगावची रेल्वे सुरू झाली आणि कॅसलरॉकवरून गोव्याशी दळणवळण सुलभ झाले. आज आम्हा बेळगावकरांचा बहुतेक किराणा आणि धान्य अनमोडच्या किंवा चोर्ल्याच्या घाटाने मोटारीनेच खाली उतरते. साधने बदलली, पण मूळ व्यवहार बदललेला नाही. आपण भाडे देतो ते केवळ चाकांचे नव्हे. ते हमीचे असते. हे तत्त्व मी एके वर्षी विसरलो.

गोष्ट २०२२ सालची. गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. गोव्यात चवथीच्या दिवसांत मणगण्यासाठी हरभऱ्याच्या डाळीला मोठी मागणी असते. मडगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची ५० किलोच्या ६० पोत्यांची मागणी आली. त्यांच्या वडिलांचा आणि माझ्या तीर्थरूपांचा व्यवहार होता, म्हणजे दुसऱ्या पिढीचा हा घरोबा. माझा नेहमीचा वाहतूकदार पोत्यामागे ५८ रुपये घेत असे. एका नव्या कचेरीने ५० रुपये सांगितले. ६० पोत्यांवर ४८० रुपये वाचत होते. मी माल नव्या कचेरीच्या हवाली केला. पावतीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत काय छापले आहे ते वाचले नाही. मालाची किंमत लिहावयाचा रकाना मोकळाच राहू दिला.

वाटेत माल दुसऱ्या गाडीत चढविला गेला. त्या गाडीची ताडपत्री फाटकी होती. ऑगस्टचा पाऊस आणि घाटातील एक रात्र! तिसऱ्या दिवशी सकाळी मडगावहून दूरध्वनी आला. “शेट, सव्वीस पोती भिजली आहेत. डाळीला वास येतो. चवथ तोंडावर आली, आता मी गिऱ्हाइकांना काय देऊ?” त्या आवाजात राग नव्हता, हताशपणा होता, म्हणूनच तो अधिक लागला. त्याच दिवशी नेहमीच्या वाहतूकदाराकडून २६ पोती नव्याने रवाना केली. भिजलेली डाळ गुरांच्या खाद्याच्या भावाने गेली. किलोला ६० रुपये धरले तर ७८,००० रुपयांचा माल होता. त्यातून हाती आले ते फारच थोडे.

यापुढे जे घडले त्यात दोष माझाही आहे. मडगावच्या दुकानातील मुलाने पोती उतरवून घेताना ‘माल बरोबर मिळाला’ या छापील ओळीखाली सही केली होती. मी कचेरीत गेलो की गोड उत्तर मिळे, “शेट, पुढच्या महिन्यात हिशेब करू.” मी लेखी काही दिले नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगाही गेला. शेवटी वकिलांकडे गेलो, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “माल नोंदविल्याची तारीख कोणती?” मोजून पाहिले, तर १८० दिवस उलटून गेले होते. तेव्हा मला कायदा कळला.

तो कायदा प्रत्येक व्यापाऱ्याने माहीत करून घेतला पाहिजे. १८६५ चा जुना वाहक कायदा जाऊन त्याच्या जागी २००७ चा ‘रस्ते वाहतूक’ कायदा आला व त्याचे नियम २०११ मध्ये झाले. या कायद्याच्या व्याख्येत ट्रान्सपोर्ट कंपन्यांबरोबर माल नोंदविणारे दलाल आणि घरपोच कागदपत्रे व माल नेणाऱ्या कुरिअर संस्थाही येतात. अशा सर्वांनी नोंदणी केली पाहिजे. माल हरवल्यास किंवा खराब झाल्यास वाहतूकदाराचा निष्काळजीपणा आपण सिद्ध करण्याची गरज नाही. ही व्यापाऱ्याच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. ‘माल मालकाच्या जोखमीवर’ एवढे छापले म्हणजे वाहतूकदार सुटला असेही नाही. जुन्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिलेल्या निकालात हे स्पष्ट केले आहे.

परंतु दोन अटी आहेत. पहिली, नुकसानीची लेखी नोटीस माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत पोहोचली पाहिजे. माल मिळाल्यापासून नव्हे. दुसरी, आपण मालाची किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटींपुरतीच मर्यादित राहते. माझे भाडे ३,००० रुपये. म्हणजे वेळेत नोटीस दिली असती तरी ३०,००० रुपयांपलीकडे काही मिळाले नसते. यातून एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. भाडे जितके कमी, तितकी कायद्याने मिळणारी हमीही कमी. स्वस्त भाड्याचा आनंद मानणाऱ्याने हा गुणाकार आधी करून पाहावा.

आता वाहतूकदार निवडताना मी काय पाहतो ते थोडक्यात सांगतो. प्रथम विचारतो, “माल वाटेत दुसऱ्या गाडीत चढणार का?” सुट्या नगांच्या बाबतीत हे बहुधा घडतेच, पण कोठे आणि कोणाच्या वखारीत, हे सांगणारा मनुष्य भरवशाचा समजावा. त्या वखारीचा ओटा उंच आहे का, छप्पर गळते का, हे एकदा स्वतः जाऊन पाहावे. दुसरे, त्याच गाडीत आणखी काय जाते? डाळ, तांदूळ, पीठ हे पदार्थ वास ओढून घेतात. फिनेल, साबण किंवा खताच्या शेजारी ठेवलेले पोते कोरडे असूनही नासलेलेच असते. तिसरे, हमाल पोत्याला आकडा लावतात का? चौथे, पावतीवर नगांची संख्या, वजन, मार्का व किंमत हे सर्व लिहिले आहे का? ‘वजन तपासले नाही’ असा शेरा असेल, तर वजनकाट्याची चिठ्ठी सोबत जोडावी. पाचवे, पावसाळ्यात घाटातून अवजड वाहनांना बंदीचे हुकूम निघतात. तशा वेळी हा मनुष्य कोणती वाट धरणार?

मोठ्या रकमेचा माल हुंडीने बँकेमार्फत पाठवावयाचा असल्यास, इंडियन बँक्स असोसिएशनच्या मान्यताप्राप्त वाहतूकदारांच्या यादीत त्या कंपनीचे नाव आहे का, हे पाहून घ्यावे. करपात्र मालाची किंमत ५०,००० रुपयांवर गेल्यास ई-वे बिल लागते. आंतरराज्य वाहतुकीस ही पद्धत १ एप्रिल २०१८ पासून लागू झाली. सुटे धान्य यातून वगळलेले असले, तरी २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशव्यांवर १८ जुलै २०२२ पासून कर आहे. वाटेत गाडी बदलली तर नव्या गाडीचा क्रमांक बिलात नोंदवावा लागतो. ही नोंद वेळेवर करणारा वाहतूकदार इतर बाबतींतही दक्ष असतो, असा माझा अनुभव आहे.

वानगीची गोष्ट निराळी. पाव किलोच्या नमुन्यावर शंभर पोत्यांचा सौदा ठरतो. ती पुडी कुरिअरने पाठवावी किंवा १९८६ पासून चालत आलेल्या स्पीड पोस्टाने. मात्र पुडीवर मोहर करून तसाच दुसरा नमुना आपल्या कपाटात ठेवावा. उद्या तंटा पडला, तर तोच साक्षीदार.

आजकाल मोटार कोठे पोहोचली हे आमची मुले हातातील दूरध्वनीवर पाहतात. सोय उत्तम आहे. पण गाडी अनमोडला उभी आहे एवढेच त्यावर दिसते. ताडपत्री फाटली आहे हे दिसत नाही. म्हणून माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधीच कळवून ठेवतो: पोती मोजून, हात लावून पाहावीत; ओल, फाट किंवा तूट दिसल्यास पावतीवर तसा शेरा मारूनच सही करावी. आणि त्याच आठवड्यात लेखी नोटीस द्यावी. विमा उतरविला असला तरीही ही नोटीस चुकवू नये, कारण वाहतूकदाराविरुद्धचा आपला हक्क आपणच घालविला, तर विमा कंपनीही त्याकडे बोट दाखविते.

मडगावच्या त्या गिऱ्हाइकाने दुसरी खेप चवथीच्या दोन दिवस आधी उतरवून घेतली. नुकसानीतील अर्धा वाटा आपण सोसतो, असे त्यांनी स्वतः सुचविले. मी तो घेतला नाही. वाहतूकदार निवडला होता मी. त्या निवडीचे मोलही मीच द्यावयास हवे होते.

शेवटी संघाच्या कार्यकारी मंडळास एक नम्र सूचना. संघाच्या कचेरीत एक वही ठेवावी. कोणत्या वाहतूकदाराने माल कधी दिला, तूट आली तर किती दिवसांत भरपाई केली, एवढे प्रत्येक सभासदाने तीत लिहावे. स्तुती नको, निंदाही नको. तारीख आणि आकडा पुरे. नव्याने धंद्यात पडणाऱ्या मुलांना ती वही कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी पडेल. मंडळाने ही सूचना मान्य केल्यास पहिल्या पानावर माझी सव्वीस पोती आणि वाचविलेले ४८० रुपये मी स्वहस्ते नोंदवीन.