मागच्या सीटची शर्यत

पहाटे 4.45
कामाची सुरुवात कानांनी. रात्रभर निवलेलं इंजिन पहिल्या अर्ध्या मिनिटात जे बोलतं ते नंतर दिवसभर बोलत नाही. म्हणून ड्रायव्हरकाकांना कालच बजावलं होतं, मी खाली आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. तंजावरच्या लॉजच्या आवारात दोन गाड्या उभ्या आहेत. एक चाकणला जुळलेली मर्सिडीज ई 220 डी, दुसरी चेन्नईजवळ जुळलेली बीएमडब्ल्यू 530 एलआय. फेब्रुवारीच्या दवानं दोन्हींची छतं ओली.

आधी डिझेल. लाकडी पाटावर कुणी बोटं वाजवावीत तशी बारीक टकटक आली, आणि काच वर केली तशी तीही गेली. मग पेट्रोल. ते सुरू झालंय हे मला पडद्यावरच्या आकड्यावरून कळलं.

काका इथलेच. घरात मराठी, बाहेर तमिळ, आणि मराठीला तमिळचा हेल. एका भातगिरणीच्या मालकाची अँबॅसिडर त्यांनी बरीच वर्षं चालवली. आज दुसरी गाडी तेच चालवणार आहेत. बोनेटवर हात ठेवून म्हणाले, "आवाजच नाही, तर बिघाड कळायचा कसा हो?"

5.50
निघालो. पापनाशम इथून साधारण पंचवीस किलोमीटर, कुंभकोणम त्याच्या पुढे. गावांना वळसा घालणारा चौपदरी महामार्ग आहे, पण आम्ही मुद्दाम जुना रस्ता धरला. चौपदरीवर कुठलीही गाडी चांगलीच वाटते.

6.40
अय्यमपेट्टै मागे पडलं. सांबा हंगामाची कापणी चालू आहे. सरकारी खरेदी केंद्रावर भातातली ओल 17 टक्क्यांच्या आत लागते, त्यामुळे डांबरी रस्ता हेच इथलं खळं. या घटकेला भात ताडपत्रीखाली ढीग करून ठेवलेलं, कडेनं दगडांची ओळ. ऊन चढलं की अर्धा रस्ता सोनेरी होणार. उरलेल्या अर्ध्यातून आमच्या पाच मीटरहून लांब गाड्या आणि समोरून हॉर्न न थांबवता येणारी बस.

कागदावरचे आकडे असे: मर्सिडीजचं डिझेल 197 अश्वशक्तीचं, टॉर्क 440 न्यूटन मीटर. बीएमडब्ल्यूचं पेट्रोल 258 अश्वशक्तीचं, टॉर्क 400. दोन्ही दोन लिटरची, चार सिलिंडरची. वाचकाची नजर 258वर जाते. इथे मात्र बैलगाडीमागून दुसऱ्या गिअरमध्ये निघायचं, बसला वाट द्यायची, पुन्हा निघायचं. जोर हवा तो तळातून, इंजिन फार फिरायच्या आत. तो दोघींकडे भरपूर आहे. ते जादाचे साठ घोडे पापनाशमपर्यंत बसूनच आले.

7.30
रेल्वे फाटक बंद. दोन्ही इंजिनं आपोआप झोपली. फाटक उघडलं, ब्रेकवरचा पाय उचलला आणि मर्सिडीज पुन्हा जागी झाली ती हिसका न देता. जुन्या स्टार्टरची खर्र नाही, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये बसवलेली 48 व्होल्टची मोटर हे काम करते. निघताना तीच 23 अश्वशक्तीचा हातभारही लावते. गेल्या काही वर्षांत इंजिनांत झालेल्या सुधारणांपैकी रोज जाणवणारी हीच एक, असं माझं मत. गती वाढल्याचं कौतुक आठवडाभर टिकतं, हिसका गेल्याचं सुख रोजचं.

8.15
पोंगल, मेदूवडा, पितळी डबऱ्यातली डिग्री कॉफी. दोन वेळा.

9.30
फोटोंचं काम तिरुपालैतुरैला, नायक राजांच्या काळातल्या भल्यामोठ्या धान्यकोठाराजवळ. विटांचं, घुमटाकार, चारशे वर्षांपूर्वीचं. सहकारी कॅमेरा लावते आणि मी मायक्रोफायबरचं फडकं घेऊन धूळ पुसतो. गाड्यांवर लिहिणाऱ्याचा निम्मा दिवस पुसण्यात जातो, हे कुणी लिहीत नाही.

पंधरा मिनिटांत गर्दी जमली. प्रश्न एकच, "मायलेज एव्वळव?" आपल्याकडेही "अ‍ॅव्हरेज किती देते?" हाच पहिला. 258 अश्वशक्ती कुणी विचारली नाही. एका शाळकरी मुलानं मागचं दार उघडायला लावलं, आत पाहिलं आणि तमिळमध्ये काही म्हणाला. काकांनी भाषांतर केलं: "इथे माझी बहीण झोपू शकेल, म्हणतो."

12.45
केळीच्या पानावर जेवण, आणि त्यानंतर वही. आज लिहायचं आहे ते हेच.

अशा महागड्या गाड्यांची भारतातली गोष्ट आपल्या पिंपरीत सुरू होते. 1995मध्ये टेल्कोच्या आवारात मर्सिडीज ई-क्लास जुळायला लागली. तेव्हा स्पर्धा नव्हतीच. गाडी मिळाली हेच पुष्कळ. 2007मध्ये बीएमडब्ल्यूचा कारखाना चेन्नईजवळ उघडला, संभाजीनगरच्या शेंद्र्यात ऑडी ए 6 जुळू लागली, आणि मग इंजिनांची खरी चढाओढ लागली. तिच्यात डिझेलचा वरचष्मा होता.

16 डिसेंबर 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली आणि परिसरात 2000 सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर बंदी घातली. मर्सिडीजचं तेव्हाचं चार सिलिंडरचं डिझेल 2143 सीसीचं, म्हणजे बंदीत. बीएमडब्ल्यू 520 डीचं 1995 सीसीचं, म्हणजे सुटलं. चांगलं-वाईट इंजिन असा प्रश्नच नव्हता, 148 सीसीनं निकाल लावला. पुढच्या ऑगस्टमध्ये एक टक्का उपकर घेऊन बंदी उठली. मर्सिडीजचं नंतरचं डिझेल 1950 सीसीचं आलं आणि आज मी चालवतोय ते 1993चं. हे दिल्लीमुळे झालं असं सांगायचा मोह होतो, पण ते खरं नाही. नवं इंजिन जर्मनीत आधीच तयार होत होतं, आणि त्यामागचं गणित निराळं आहे. एका सिलिंडरला साधारण अर्धा लिटर धरायचा. चार जोडले की दोन लिटर, सहा जोडले की तीन. तोच साचा, तेच सुटे भाग. बीएमडब्ल्यूही याच हिशेबानं चालते.

सहा सिलिंडरची गोष्ट तर सासरी जाऊन माहेरी परतलेल्या लेकीसारखी. बीएमडब्ल्यूनं सहा सिलिंडर एका रांगेत ठेवायचं कधी सोडलं नाही. मर्सिडीजनं नव्वदच्या दशकात ते सोडून आखूड व्ही-सिक्स धरलं आणि 2017मध्ये पुन्हा रांगेत आली. मधल्या काळात 48 व्होल्टमुळे पुढचे पट्टे गेले, पंप विजेवर चालायला लागले, इंजिन पुढून आखूड झालं आणि रांग पुन्हा बोनेटखाली मावली. ई 450मध्ये ते 381 अश्वशक्ती देतं.

मग 1 एप्रिल 2020ला बीएस 6 आलं. ऑडीनं इथे डिझेल सोडून दिलं. 2024च्या जुलैत आलेली लांब फाइव्ह सिरीज एकट्या पेट्रोलमध्ये आली, तेव्हाची किंमत 72.9 लाख. ऑक्टोबरात नवी ई-क्लास आली ती पेट्रोल, डिझेल आणि सहा सिलिंडर अशा तीन तऱ्हांत, 78.5 लाखांपासून. आणि दोघांनीही जाहिरातीत पुढे काय केलं? चाकांमधलं अंतर. मर्सिडीजचं 3094 मिलिमीटर, बीएमडब्ल्यूचं 3105. अकरा मिलिमीटर! करंगळीच्या नखाएवढ्या जागेसाठी म्युनिक आणि श्टुटगार्ट भांडतायत. कारण गाडीचे पैसे देणारा मागे बसतो, आणि त्याला इंजिनाकडून एकच गोष्ट हवी असते: त्यानं गप्प बसावं.

3.10
काकांना मागे बसवलं. आयुष्यात मालकाच्या जागी बसले नव्हते. पाय लांब करा म्हटलं तरी गुडघे जुळवून, सीटच्या कडेला. मी पेट्रोल चालवत होतो. कुडमुरुट्टीच्या पुलापर्यंत त्यांची नजर बाहेर गेलीच नाही. माझ्या हातांवर, आणि आरशात मागच्या बसवर. "हॉर्न द्या," दोनदा. परतताना डिझेल घेतली. एका जागी मोकळा रस्ता मिळाला तसा पाय दाबला, आणि ते पहिल्यांदा मागे टेकले. "हिचं ऐकू येतं थोडं," म्हणाले. समाधानानं.

माझा कौल ते विचारतील असं वाटलं होतं. विचारला नाही.

5.40
पुलावर संध्याकाळचा उजेड. कॅमेरा, वीस मिनिटं, झालं.

7.20
पंपावर दोन्ही टाक्या भरल्या आणि मर्सिडीजच्या एडब्लूचा आकडा वहीत टिपला. नव्या डिझेलला धूर साफ करायला हे युरियाचं पाणी लागतं, आणि ते संपलं की इंजिन सुरूच होत नाही. चालकानं विसरू नये अशी गोष्ट. मग आवारात पाण्याची नळी. बीएमडब्ल्यूच्या जाळीत आणि वायपरखाली भाताचे दाणे अडकले होते, दुपारी कुणाच्या तरी खळ्यावरून चाक गेलं असणार. काकांनी ते एकेक करून तळहातावर वेचले. एक दाणा सोलला, दाढेखाली धरला, कट्‌कन आवाज येतो का ऐकलं.

"अजून ओल आहे," ते म्हणाले, आणि बाकीचे खिशात टाकले.