यकृतातील मेदवृद्धी : आहार आणि व्यायाम यांची मात्रा

अतिमद्यपान न करणाऱ्या मनुष्याच्या यकृतातही मद्यप्याच्या यकृतासारखीच विकृती आढळू शकते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग व त्यांचे सहकारी यांनी १९८० साली अशा २० रुग्णांचे वर्णन करून या विकारास स्वतंत्र नाव दिले. यकृताच्या पेशींपैकी ५ टक्क्यांहून अधिक पेशींत मेद साचला म्हणजे मेदवृद्धी झाली असे मानतात. पुढे काही रुग्णांत दाह, दाहातून तंतुमयता व शेवटी सिऱ्होसिस असा क्रम संभवतो. या विकारावर आहार व व्यायाम हा पहिला उपचार होय, हे सर्वमान्य आहे. तथापि औषधाप्रमाणे या उपचारालाही मात्रा असते, ही गोष्ट मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहते.

यकृतातील मेद म्हणजे खाल्लेले तूप-तेलच होय, अशी सामान्य समजूत आहे. अमेरिकेत ९ रुग्णांवर केलेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समस्थानिकांच्या साहाय्याने या मेदाचा उगम शोधण्यात आला. त्यापैकी सुमारे ५९ टक्के भाग शरीरातील मेदपेशींतून सुटलेल्या मेदाम्लांचा होता. २६ टक्के यकृताने स्वतःच, मुख्यतः शर्करा व पिष्टमय पदार्थांपासून, निर्माण केला होता. आहारातील स्निग्ध पदार्थांतून प्रत्यक्ष आलेला भाग केवळ १५ टक्के होता. इन्सुलिनचा प्रभाव क्षीण झाला की मेदपेशींवरील त्याचा आवर सुटतो आणि मेदाम्लांचा ओघ यकृताकडे वळतो. म्हणून केवळ तेल-तूप वर्ज्य करून, पण साखरेचा चहा, मिठाई व शीतपेये चालू ठेवून, हा विकार आटोक्यात येत नाही. एकूण उष्मांक घटविणे व साखर कमी करणे या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.

उपचाराची मात्रा किती, या प्रश्नाचे उत्तर क्यूबातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. दाहयुक्त मेदवृद्धी असलेल्या २९३ रुग्णांना ५२ आठवडे कमी उष्मांकांचा आहार व चालण्याचा व्यायाम देण्यात आला, आणि यकृताचा सूक्ष्म तुकडा काढून परिणाम तपासण्यात आला. ज्यांचे वजन ५ टक्के वा त्याहून अधिक घटले त्यांपैकी ५८ टक्के रुग्णांचा दाह नाहीसा झाला. ज्यांचे वजन १० टक्के वा त्याहून अधिक घटले त्यांच्यात हे प्रमाण ९० टक्के होते, व ४५ टक्के रुग्णांची तंतुमयताही मागे हटली. अर्थात ८० किलो वजनाच्या रुग्णास ४ किलोंची घट उपकारक, तर ८ किलोंची घट बहुधा रोगहारक ठरते.

व्यायामाचे कार्य केवळ वजन घटविण्यापुरते नाही. ऑस्ट्रेलियात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्थूल व्यक्तींनी चार आठवडे सायकलचा व्यायाम केला. त्यांचे वजन घटले नाही, तरी यकृतातील मेद सुमारे २१ टक्क्यांनी उणा झाला. काम करणारा स्नायू रक्तातील शर्करा शोषून घेतो व इन्सुलिनला अधिक प्रतिसाद देऊ लागतो. तेव्हा काटा हलला नाही म्हणून व्यायाम व्यर्थ गेला, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय.

भारतीयांच्या बाबतीत एक विशेष लक्षात घेणे अगत्याचे आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होता. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या यकृतातही मेद साचू शकतो, याचे मर्म येथे आहे. अशा रुग्णांविषयी हाँगकाँगमधील अभ्यासाने आशादायक गोष्ट दाखविली : स्थूल नसलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांचा विकार ३ ते ५ टक्के वजन घटल्यानेच शमला, स्थूलांना त्यासाठी ७ ते १० टक्के घट लागली.

खरी अडचण पुढेच आहे. क्यूबातील २९३ रुग्णांपैकी १० टक्क्यांची घट साधली ती अवघ्या २९ जणांना. उपचार निष्फळ नव्हता. तो बहुसंख्यांपर्यंत पुरेशा मात्रेत पोहोचला नाही. या संदर्भात अमेरिकेत ११ ते १६ वर्षांच्या ४० मुलांवर झालेला व २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग उद्बोधक आहे. ज्या गटाची साखर अत्यल्प केली होती त्या गटात संपूर्ण कुटुंबाचाच आहार बदलण्यात आला. आठ आठवड्यांत त्या मुलांच्या यकृतातील मेद सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आला. पथ्य एकट्या रुग्णाचे न राहता घराचे झाले, तर ते पाळणे सुकर होते.

अमेरिकेत २०२४ साली रेस्मेटिरॉम व २०२५ साली सेमाग्लुटाइड या औषधांना दाहयुक्त विकारासाठी मान्यता मिळाली. पण तीही आहार व व्यायाम यांच्या जोडीनेच. म्हणून 'वजन कमी करा' एवढे सांगून चिकित्सकाचे कर्तव्य संपत नाही. किती, किती काळात व घरातील कोणाच्या साहाय्याने, हे सांगितले तरच तो उपदेश चिकित्सेच्या पदवीस पोहोचतो.