चेतापेशींची लय जुळते कधी?

दोन्ही डोळ्यांकडून आलेल्या दृष्टिचेता मेंदूच्या तळाशी एकमेकींना छेदतात. त्याच्या जरा वर सुमारे 20 हजार चेतापेशींचा एक पुंजका आहे. झोप-जाग, शरीराचे तापमान, संप्रेरकांचे चढउतार यांचे वेळापत्रक इथूनच चालते. 1995 मध्ये अमेरिकी संशोधकांनी उंदराच्या या पुंजक्यातल्या पेशी सुट्या करून इलेक्ट्रोडच्या पट्टीवर वाढवल्या. एकाच बशीतल्या पेशींचे दिवस वेगवेगळे निघाले: कुणाचा 24 तासांहून आखूड, कुणाचा लांब. एक ऐन भरात असताना दुसरी गप्प.

मग धडधाकट मेंदूत या हजारो घड्याळांचा मेळ कोण घालते? कुणीच नाही.

जपानी भौतिकशास्त्रज्ञ योशिकी कुरामोतो यांनी 1975 मध्ये मांडलेल्या गणिती प्रारूपातून हे समजू लागते. आर्थर विनफ्री यांच्या 1967 मधल्या कामावर ते उभे आहे. प्रत्येक दोलक म्हणजे वर्तुळावर आपापल्या उपजत वेगाने फिरणारा ठिपका. मागे पडलेल्याला इतर ठिपके पुढे ओढतात, पुढे गेलेल्याला मागे खेचतात. ही ओढ दोघांमधल्या कोनाच्या साइनवर ठरते. समीकरण एका ओळीत मावते, पण त्यातून जे निघते ते थक्क करणारे आहे. ओढ हळूहळू वाढवत नेली, तरी बराच वेळ गोंधळ जसाच्या तसा राहतो. ठरावीक उंबरठा ओलांडला की मधल्या वेगाच्या ठिपक्यांची एकदम टोळी जमते आणि ती एका लयीत फिरू लागते. फार जलद आणि फार संथ ठिपके मात्र अजून बाहेरच भटकत असतात. उपजत वेगांत तफावत जास्त, तर उंबरठाही उंच.

त्या पुंजक्यात ही ओढ बऱ्याच अंशी ‘व्हीआयपी’ या पेप्टाइडमुळे निर्माण होते. ते नसलेल्या उंदरांच्या पेशींचा मेळ विस्कटतो, हे 2005 मध्ये दिसून आले.

मेळ अतिरेकी झाला तरी घात होतो. पार्किन्सनच्या रुग्णांत मेंदूच्या खोल भागातल्या पेशी सेकंदाला साधारण 13 ते 30 आवर्तनांच्या लयीत गरजेपेक्षा जास्त जखडल्या जातात आणि हालचाली मंदावतात. तिथे इलेक्ट्रोड बसवून सेकंदाला शंभराहून अधिक विद्युत्‌स्पंद देण्याचा उपचार आज रूढ आहे. जर्मन शास्त्रज्ञ पीटर टास यांनी याच गणितातून वेगळी वाट काढली: एकाच जागी सतत मारा करण्याऐवजी पेशींच्या निरनिराळ्या गटांना आळीपाळीने हलके स्पंद द्यायचे, म्हणजे जखडलेली लय फुटते. माकडांवर आणि मोजक्या रुग्णांवर याचे प्रयोग झाले असून, स्पंद थांबवल्यावरही परिणाम काही काळ टिकल्याचे त्यांत आढळले.