श्रीमंतांचे अडीच पैसे

दरवर्षी मार्च उजाडला की आमच्या शिरढोणात एक प्रश्न हमखास विचारला जातो. फेब्रुवारीच्या पगारातून शंभर रुपये जास्त का कापले? तळोजा एम.आय.डी.सी.त कंत्राटी कामाला जाणारी मुले पगाराचा कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी पडलो बी.कॉम. झालेला कारकून, तेव्हा हिशेबाचे कोडे कोणाचेही असो, ते माझ्याच ओट्यावर येऊन पडते. यंदा आलेला मुलगा आमच्या वस्तीतलाच. पगार महिना पंधरा हजार. "काका, हे पी. टी. म्हणजे पी. एफ.च ना? पुढे परत मिळेल ना?"

नाही बाबा, परत मिळणार नाही. पी. टी. म्हणजे व्यवसाय कर. महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाचे झाले 2,500. महाराष्ट्रात दहा हजारांपेक्षा जास्त पगार असलेल्या पुरुषाला तो द्यावा लागतो. महिलांना 2023 पासून पंचवीस हजारांपर्यंतच्या पगाराला माफी आहे, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

"मग आमच्या डायरेक्टरसाहेबांचे किती कापतात?" त्याने विचारले. मी म्हणालो, 2,500. त्याला वाटले मी थट्टा करतो आहे. मग आम्ही दोघांनी कागदावर हिशेब मांडला. त्याची वर्षाची कमाई 1 लाख 80 हजार, म्हणजे शंभर रुपयांमागे तो जवळजवळ एक रुपया एकोणचाळीस पैसे देतो. वर्षाला एक कोटी मिळवणारा माणूस शंभर रुपयांमागे देतो अडीच पैसे. मुलगा कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसला.

वाचकहो, हा कर मुळात वाईट हेतूने आलेला नाही, हे आधी सांगितले पाहिजे. 1972 च्या दुष्काळात हजारो माणसे खडी फोडायला रस्त्यावर आली. माझी मामी मराठवाड्यातली. त्या खडीचे व्रण तिच्या बोटांवर शेवटपर्यंत होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना चालवायला पैसा हवा होता, म्हणून 1975 साली महाराष्ट्राने हा व्यवसाय कर बसवला. शहरातल्या मिळवत्या माणसाने खेड्यातल्या उपाशी माणसाच्या मजुरीसाठी थोडे द्यावे, असा तो सरळ व्यवहार होता. रोजगार हमीचा कायदा 1977 साली मंजूर झाला, 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आला, आणि पुढे 2005 साली केंद्र सरकारने केलेल्या कायद्याला याच योजनेचा पाया मिळाला. मामीसारख्यांच्या हाताला काम मिळावे म्हणून कापलेले पैसे मला कधी जड वाटले नाहीत.

प्रश्न आहे तो अडीच हजारांवरच्या भिंतीचा. ही भिंत राज्य सरकारच्या हातात नाही, ती संविधानाच्या कलम 276 मध्ये आहे. सुरुवातीला मर्यादा वर्षाला 250 रुपये होती. 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती 2,500 झाली. मर्यादा घालण्यामागे कारणही होते. उत्पन्नावरचा कर केंद्राचा, तेव्हा राज्यांनी आणि नगरपालिकांनी मागच्या दाराने दुसरा आयकर सुरू करू नये. ते समजण्यासारखे आहे. पण 1988 साली अडीच हजार रुपये हा बऱ्याच जणांचा महिन्याचा पगारही नव्हता, आणि आज पनवेलच्या हॉटेलात चौघे जेवायला बसले की तेवढे बिल होते. चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा 12,000 करावी अशी शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली. मर्यादा वाढली तरी पंधरा हजारवाल्याचे दोनशेच ठेवता येतील, वाढ वरच्याला लावता येईल. एवढी साधी गोष्ट आहे.

ऐपतीप्रमाणे कर ही काही परदेशातून आलेली नवी टूम नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई कायदेमंडळात गेले आणि 24 फेब्रुवारी 1927 रोजी अंदाजपत्रकावर बोलले, तेव्हा त्यांनी नेमके हेच दुखणे मांडले होते. आयकर देणाऱ्याला उत्पन्नच झाले नाही तर कर नाही, ठराविक रकमेच्या खाली माफी आहे. शेतसाऱ्याचे मात्र तसे नाही. पीक बुडो की येवो, सारा भरायचाच, आणि एक एकरवाल्याला जो दर तोच जहागीरदाराला. हा कर ऐपतीप्रमाणे चढता असायला हवा, असे त्यांनी सरकारला सुनावले. त्यानंतर महिन्याच्या आत, 20 मार्चला, ते आपल्याच कुलाबा जिल्ह्यात महाडला चवदार तळ्यावर उभे होते. सार्वजनिक पैशातून राखलेले तळे, आणि पाण्याला मात्र आपल्याला बंदी. आपण महाडची आठवण दरवर्षी काढतो, त्या अंदाजपत्रकाच्या भाषणाची कोणी काढत नाही.

शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. तेही पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात कारकूनच होते. 1876 ते 78 च्या दुष्काळानंतर सरकारने लायसन्स टॅक्स बसवला, तो पडला व्यापारी आणि छोट्या दुकानदारांवर. गलेलठ्ठ पगाराचे साहेब आणि वकील त्यातून वगळलेले. फडक्यांनी 1879 साली बंड केले, आणि त्यांच्या माणसांनी आमच्या शेजारच्या पळस्प्यात सधनांच्या घरांवर दरोडा घातला. तो मार्ग आपला नव्हे. पण धनवंताला कायद्याने मागितले नाही तर काय होते, याची आठवण गावाच्या वेशीवर आहे.

चहाच्या टपरीवर हा विषय काढला तेव्हा एका जमीनवाल्या मित्राने तीन मुद्दे मांडले. जास्त कर लावला तर पैसेवाले पळून जातात. पूर्वी 97.75 टक्के आयकर होता, तेव्हा चोरीच वाढली. आणि संपत्ती कर होता, तो निरुपयोगी म्हणून बंद झाला. पहिल्या दोन मुद्द्यांत तथ्य आहे, मी नाकारत नाही. 1973-74 चा तो दर शहाणपणाचा नव्हता. पण संपत्ती कराची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. 1957 साली आलेला हा कर 2015 च्या अंदाजपत्रकात रद्द झाला. 2013-14 साली त्यातून अवघे 1,008 कोटी आले होते, हे खरे. मात्र शेअर्सचा त्यात हिशेबच नव्हता! घर, गाडी, दागिने, रोख मोजायचे, आणि ज्यात खरी श्रीमंती असते तेच सोडायचे. गळक्या बादलीने पाणी काढायचे आणि विहीर आटली म्हणायचे, अशातला प्रकार.

2024 साली थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले की 2022-23 मध्ये देशाच्या संपत्तीतला 40.1 टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे होता. दहा कोटींवरच्या संपत्तीवर दोन टक्के कर सुचवला, तर मित्राचा चेहरा उतरला. पनवेलच्या बाजूला जमिनीचे भाव काय झालेत ते तुम्ही जाणताच! मी म्हणालो, तुझी जमीन दहा कोटींची झाली तर चहा तू पाज, आज मी देतो. आणि गरीब कर देत नाही म्हणतात, तर साबणाच्या वडीवरचा जी.एस.टी. धुणेवाल्या बाईलाही तोच आणि मालकिणीलाही तोच.

तो वस्तीतला मुलगा परवा पुन्हा आला. या वेळी त्याने दुसराच प्रश्न विचारला, मला तो जास्त महत्त्वाचा वाटला. दर महिन्याला कापलेले दोनशे कंत्राटदार सरकारात भरतो का? भरल्याचे चलन असते, ते दाखवा म्हणून मागता येते, असे मी सांगितले. एकट्याने विचारायची त्याला भीती वाटते. नोकरी जाईल म्हणतो. म्हणून त्याच्याबरोबर काम करणाऱ्या आणखी अकरा जणांची नावे आम्ही वहीत लिहून काढली आहेत. सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकली आहे.