बेंजो शिकताना, लेखांक ४ : गाणं उजव्या हातात असतं

मागच्या तीन लेखांकांत आपण वाद्य कसं निवडायचं, तारा कशा जुळवायच्या आणि बटणांवर सप्तक कसं ओळखायचं, हे पाहिलं. आता तुमच्या डाव्या हाताला सा ते तार सा ही वाट ठाऊक झाली असेल. एखाद्या ओळखीच्या भजनाची पहिली ओळही बटणांवर सापडली असेल. इथेच बहुतेक शिकणारे थांबतात. चाल सापडली म्हणजे बेंजो आला असं त्यांना वाटतं आणि मग वर्षानुवर्षं त्यांचं वाजवणं एकाच पातळीवर राहतं. हा लेखांक त्या पातळीच्या पुढे जाण्यासाठी आहे. म्हणून या आठवड्यात सगळं लक्ष उजव्या हातावर.

त्याचं कारण समजण्यासाठी वाद्याच्या जन्माकडे जावं लागतं. अमेरिकेत ज्याला बँजो म्हणतात ते कातडं ताणलेल्या गोल चौकटीचं, लांब मानेचं वाद्य. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी त्याची मूळ कल्पना तिकडे नेली. तिरोडी, कटंगी, तुमसर या पट्ट्यातल्या भजनात किंवा मुंबईच्या गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बेंजो वेगळा. लाकडी पेटी, तिच्यावर आडव्या तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. याचं दुसरं नाव बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज जपानी आहे. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली, ताईशो सम्राटाच्या कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी, ‘ताईशोगोतो’ हे वाद्य तयार केलं. तेच पुढे भारतात आलं आणि इथल्या कारागिरांनी त्याला आपल्या संगीताला सोयीचं रूप दिलं. बलुचिस्तानात ते ‘बेंजू’ झालं आणि तिथे त्याचे मोठे वादक घडले.

मोरितांनी अडचण सोडवली ती डाव्या हाताची. व्हायोलिन शिकणाऱ्याला तारेवर स्वराची जागा शोधण्यातच पहिली काही वर्षं घालवावी लागतात. इथे ती जागा बटणाने ठरवून दिली. बटण दाबलं की तार नेमक्या जागी दाबली जाते आणि तिची कंप पावणारी लांबी कमी होते. दर अर्धस्वराला ही लांबी सुमारे ५.६ टक्क्यांनी घटते. असे बारा अर्धस्वर चढले की तार निम्मी उरते आणि तार सा मिळतो. तारा नीट जुळवलेल्या असतील तर नवशिक्याचा आणि मुरलेल्या वादकाचा गंधार एकाच उंचीचा येतो.

मग दोघांच्या वाजवण्यात फरक कशाने पडतो? स्वर कधी सुरू झाला, किती जोराने, कोणत्या पोताने, आणि तो किती वेळ जिवंत ठेवला, यांनी. या चारही गोष्टी मुख्यतः उजव्या हाताच्या ताब्यात आहेत. पेटीवाल्याचा भाता जे काम करतो ते बेंजोवाल्याची पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, करते. पेटी वाजवणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. पेटीवर पट्ट्या उजव्या हाताला आणि भाता डाव्या हाताला असतो, बेंजोवर हे उलट होतं. म्हणून चांगला पेटीवाला बेंजोवर बसला की स्वर त्याच्या डोक्यात तयार असतात, पण दोन्ही हातांना नवी कामं मिळालेली असतात. सुरुवातीला गोंधळ झाला तर निराश होऊ नका. तो पंधरवड्यात कमी होतो.

पिक कशी धरायची

अंगठ्याचं पेर आणि वाकवलेल्या तर्जनीची कड यांच्यामध्ये पिक धरा. तारेकडे तिचं टोक तीन-चार मिलिमीटर एवढंच बाहेर राहू द्या. जास्त बाहेर ठेवलं तर टोक तारेत अडकतं आणि हात मागे ओढला जातो. पकड एवढीच घट्ट हवी की पिक निसटणार नाही. बोटांची नखं पांढरी पडत असतील तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त दाबता आहात. हाताची कड वाद्याच्या काठावर हलकेच टेकवा आणि हालचाल मनगटातून होऊ द्या. कोपरापासून हात हलला तर मध्य लयीत कसंबसं निभावतं, पण द्रुत लयीत खांदा दुखायला लागतो.

आघाताची जागा

तीच तार घोडीजवळ छेडली तर आवाज टोकदार येतो, घोडीपासून दूर छेडली तर गोल आणि भरीव. तारेच्या टोकाजवळ आघात केला की वरचे उपस्वर जास्त जागे होतात, मध्याकडे केला की मूळ स्वर ठळक राहतो. बेंजोवर आणखी एक बारकावा आहे आणि तो फार थोडे जण पाळतात. समजा मोकळी तार ६० सेंटिमीटर आहे आणि तुम्ही घोडीपासून ६ सेंटिमीटरवर छेडता आहात. म्हणजे आघात तारेच्या दहाव्या हिश्श्यावर पडतो. तार सा दाबल्यावर कंप पावणारी तार ३० सेंटिमीटरच उरते आणि तोच आघात आता पाचव्या हिश्श्यावर येतो. आवाजाचा पोत बदलतो, वरचे स्वर दबल्यासारखे वाटतात. म्हणून चाल वर चढली की उजवा हात किंचित घोडीकडे सरकवा आणि खाली उतरताना परत आणा. अंतर्‍यात आवाज का पडतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे मिळतं.

पहिला अभ्यास : दा आणि रा

सतारीचे बोल उसने घेऊ. तुमच्या हाताला सहज येणारा, मुख्य आघात तो ‘दा’ आणि परतीचा आघात तो ‘रा’. डावा हात मांडीवर ठेवा. मोबाइलवर मेट्रोनोम ६० वर लावा आणि फक्त मोकळ्या तारेवर, दर ठोक्याला एक दा, असं दोन मिनिटं वाजवा. मग एका ठोक्यात दा रा, मग एका ठोक्यात दा रा दा रा. लय वाढवू नका, विभागणी वाढवा. ‘रा’ जवळजवळ सगळ्यांचा दुबळा असतो. तो ‘दा’इतकाच ऐकू येतो का, हे वाजवताना कळत नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि डोळे मिटून ऐका. कोणता आघात दा आणि कोणता रा हे ओळखू येत नसेल तर अभ्यास साधला.

दुसरा अभ्यास : तालाचं वजन

आपल्या भागातली बहुतेक भजनं केरवा, भजनी ठेका किंवा दादऱ्यात असतात. केरवा आठ मात्रांचा. एका मात्रेला एक आघात घेतला तर पहिली आणि पाचवी मात्रा दोन्ही ‘दा’वर येतात, त्यामुळे वजन आपोआप बसतं. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन भाग. दा रा दा, रा दा रा असं सलग वाजवलं तर दुसऱ्या भागाची सुरुवात, म्हणजे चौथी मात्रा, ‘रा’वर पडते. इथे दुबळ्या ‘रा’मुळे दादऱ्याचा झोल मोडतो आणि ढोलकीवाला तुमच्याकडे बघायला लागतो. यावर दोन उपाय आहेत. संथ लयीत दा रा दा, दा रा दा असं प्रत्येक भाग ‘दा’नेच सुरू करा. लय वाढली की सलग आघातच सोयीचे, पण त्यासाठी चौथ्या मात्रेच्या ‘रा’वर मुद्दाम जोर देऊन तो वेगळा घोटून घ्या. दोन्ही रीती हातात असाव्यात.

तिसरा अभ्यास : स्वर टिकवणं

बेंजोचा स्वर छेडल्याबरोबर विरायला लागतो. भजनात गायक जिथे लांब आलाप घेतो तिथे एका आघाताने भागत नाही. तिथे अगदी जलद, सारख्या वजनाचे दा-रा सलग घ्यावे लागतात. मेंडोलिनवादक याला ट्रेमोलो म्हणतात. यात वेग हा पहिला गुण नाही, समानता हा आहे. पिकचं टोक तारेला नुसतं घासून जाईल इतका आघात उथळ ठेवा. हळू आवाजात सुरू करा, चार ठोक्यांत वाढवा, पुढच्या चार ठोक्यांत उतरवा. आवाज वाढवताना लय पळू नये आणि उतरवताना रेंगाळू नये.

दोन्ही हात एकत्र

आता डावा हात परत आणा. नियम एक : बटण आधी, आघात नंतर, आणि दोन्हींमधलं अंतर कानाला कळू नये इतकं कमी. आघात आधी झाला तर मागचा स्वर क्षणभर वाजतो आणि मग नवा, एका जागी दोन स्वर ऐकू येतात. बटण अर्धवट दाबलं असेल तर तार खरखरते. फार जोराने दाबलं तर तार ताणली जाऊन स्वर किंचित चढतो. पुढचं बटण दाबेपर्यंत आधीचं सोडू नका, नाहीतर दोन स्वरांच्या मधे मोकळी तार बोलते. सा रे ग, रे ग म, ग म प हा अलंकार याच चार गोष्टी तपासत, प्रत्येक स्वराला दा रा घेऊन वाजवा. चूक झाली की तो अलंकार पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. चुकलेले दोनच स्वर घेऊन ते पुरे बसेपर्यंत घोटा. पुन्हापुन्हा पहिल्यापासून वाजवणाऱ्याची सुरुवात पक्की होते आणि शेवट कच्चाच राहतो.

आवाज आणि मंडळ

तिरोडीसारख्या खाणीच्या गावात बेंजो एकटा क्वचितच वाजतो. त्याच्या बाजूला पेटी, ढोलक, झांज आणि खुल्या आवाजात गाणारी मंडळी असतात. त्यात आपण ऐकू यावं म्हणून वादक पिक जोरात मारायला लागतो. तारा उतरतात, तुटतात, आवाज फाटतो. मुंबईच्या बेंजो पार्ट्यांनी हा प्रश्न पिकअप आणि ॲम्प्लिफायर लावून सोडवला. त्यांचं जग रवी जाधव यांच्या २०१६ सालच्या ‘बँजो’ या हिंदी चित्रपटात दिसतं. तुमच्या मंडळातही पिकअप असेल तर आवाज वाढवायचं काम त्यालाच करू द्या आणि हात हलका ठेवा. पिकअप हलका आघात पुढे आणतो, तशीच बटणांची खटखट आणि पिकचं घासणंही पुढे आणतो. म्हणून रोजचा रियाझ मात्र पिकअपशिवायच करावा. वाद्याचा मूळ आवाज गोड झाला तरच मोठा केलेला आवाज ऐकवतो.

रियाझाला बसण्यापूर्वी चालीच्या दोन तारा एकत्र छेडून पाहा. आवाज लाटांसारखा वर-खाली होत असेल तर त्या एकमेकींशी जुळलेल्या नाहीत. एक तार सेकंदाला २६१ वेळा आणि दुसरी २६३ वेळा कंप पावत असेल तर सेकंदाला दोन लाटा ऐकू येतात. खुंटी हळूहळू फिरवत लाटा मंदावत न्या. त्या थांबल्या की तारा जुळल्या. पावसाळ्यात पोलादी तारा लवकर गंजतात आणि गंजलेली तार कितीही जुळवली तरी खरी बोलत नाही. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने तारा पुसा आणि वाद्यावर झाकण ठेवा. धूळ बटणांच्या स्प्रिंगमध्ये गेली की बटण उशिरा वर येतं आणि मग दोष तुमच्या बोटांना लावला जातो.

या आठवड्याचा रियाझ

रोज वीस मिनिटं पुरेत, पण ती रोज हवीत. रविवारी सलग दोन तास आणि बाकी दिवस काहीच नाही, अशाने मनगटाला सवय लागत नाही.

पहिली तीन मिनिटं : तारा जुळवणं, लाटा ऐकणं.
पुढची सात मिनिटं : मोकळ्या तारेवर दा-रा. सोमवार ते बुधवार केरव्याचं वजन, गुरुवार ते शनिवार दादऱ्याचं.
पुढची पाच मिनिटं : अलंकार, दोन्ही हातांनी, मेट्रोनोम ६० वर.
शेवटची पाच मिनिटं : ओळखीच्या एका भजनाचं फक्त ध्रुपद. पहिल्यांदा सगळे स्वर सारख्या जोराने, दुसऱ्यांदा गायक जिथे जोर देतो तिथेच जोर देऊन.
सोमवारी आणि रविवारी : तेच ध्रुपद ध्वनिमुद्रित करा आणि रविवारी दोन्ही ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐका.

मेट्रोनोमचा आकडा या आठवड्यात वाढवू नका. साठवर जो हात सारखा चालत नाही तो शंभरवर नुसता धावतो. वेग मागून येतो आणि आला की टिकतो, मात्र आधी आघात सारखा हवा.

पुढच्या लेखांकात डाव्या हाताकडे वळू : कोणत्या बटणाला कोणतं बोट, आणि मींड न निघणाऱ्या या वाद्यावर मुरकी आणि घसीट कशी काढायची. तोवर एवढं करा. तुमच्या मंडळात बेंजो वाजवणारं कुणी जाणतं माणूस असेल तर त्याच्या शेजारी बसा, आणि या वेळी त्याची बटणं न बघता फक्त उजवा हात बघा.